शुक्रवारचा काटा

वजनकाटा घरात कुठे ठेवलाय ते बघा, म्हणजे त्या घरातलं डाएट कुठवर आलंय ते विचारावं लागत नाही. बाथरूमच्या दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात असेल तर पहिला आठवडा. भिंतीला टेकवून उभा असेल तर तिसरा. पलंगाखाली सरकून त्याच्यावर जुन्या चादरींचं बोचकं बसलं असेल तर प्रकरण मिटलं. आता तो बाहेर निघणार तो थेट परदेशी निघालेल्या भाचीची बॅग मोजायला. बॅग तेवीस किलोच्या वर शंभर ग्रॅम भरली तर घरातली चार माणसं रात्री दोनपर्यंत जागून चिवड्याचे डबे आतबाहेर करतात. स्वतःच्या बाबतीत ही चिकाटी कुठे जाते कोण जाणे.

बारीक होण्यातली खरी अडचण भूक नव्हे, असं माझं ठाम मत आहे. भूक सोसते. पहाटे उठून चालणंही आठवडाभरात अंगवळणी पडतं. सोसत नाही ते काट्यावर उभं राहून खाली बघणं. म्हणून मी आधी चष्मा उतरवते, मग बांगड्या, मग केसांतला चाप, आणि शेवटी छातीतली सगळी हवा सोडून देते. हा सगळा विधी शास्त्राच्या दृष्टीने फुकट आहे. घरगुती काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, त्याला तीस ग्रॅमच्या चष्म्याशी देणंघेणं नसतं. श्वासाचं तर विचारूच नका. विहिरीत बुडलेल्या घागरीतल्या पाण्याचं ओझं वर ओढेपर्यंत लागत नाही, तसं हवेत उभं राहून हवेचं वजन भरत नाही.

काट्याला खरंच कळतात त्या गोष्टी वेगळ्या, आणि त्यांच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही. डिजिटल काट्याच्या चार कोपऱ्यांत, पायांपाशी, चार संवेदक असतात. आपण उभे राहिलो की त्यांतल्या धातूच्या पट्ट्या केसभर वाकतात आणि त्या वाकण्याचा आकडा होतो. एक पाय लादीच्या सांध्यात गेला किंवा काटा पायपुसण्यावर ठेवला, की हा हिशेब बिघडतो. म्हणून जागा एकच ठरवावी: सपाट, कडक लादी, रोज तीच. हलवला असेल तर अंगठ्याने एकदा दाबून सोडून द्यावा, शून्य येऊ द्यावं, मगच चढावं. खरं बोलतोय की नाही ही शंका असेल तर पाच किलो आट्याची न फोडलेली पिशवी घ्यावी. आधी नुसतं उभं राहावं, मग पिशवी कडेवर घेऊन. फरक पाचच्या आसपास आला तर काटा ठीक. आणखी एक गंमत म्हणजे बरेच काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि थोडाफार फरक असेल तर तोच पुन्हा दाखवतात. तीनदा चढून तीनदा तोच आकडा आला तर ती खात्री नव्हे, हट्ट असू शकतो. मध्ये एकदा पिशवी घेऊन चढलं की त्याची आठवण पुसली जाते.

वेळही एकच. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. कपभर चहा म्हणजे दीडशे ग्रॅम, तो पोटात गेल्या क्षणी भरतो.

आता मुख्य दुखणं. काल लग्नाला जेवलो, आज सकाळी १.२ किलो वाढ. छातीत धस्स होतं आणि मनातली ती ओळखीची बाई बोलायला लागते, ‘सांगितलं होतं ना, तुझ्याच्याने नाही व्हायचं.’ या बाईशी वाद घालू नये, तिला हिशेब दाखवावा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १.२ किलोच्या झाल्या ९,२४०. मध्यम जिलबी दीडशे कॅलरीची धरली तर त्या जवळपास बासष्ट जिलब्या, आणि त्याही दिवसभराचं लागणारं जेवून झाल्यावर वरून. एवढ्या जिलब्या खाल्ल्या असत्या तर यजमानांनी फोन करून विचारपूस केली असती.

मग ते १.२ किलो कशाचं? थोडं तर कालचं जेवणच आहे, अजून वाटेत असलेलं. बाकीचं पाणी. मसालेभात, पापड, लोणचं, मठ्ठा, सगळ्यात मीठ. दवाखान्यातल्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, आणि शरीराचंही प्रमाण जवळपास तेच. नेहमीपेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त गेलं की त्याच्या सोबतीला अर्धा लिटर पाणी मुक्कामाला राहतं आणि मूत्रपिंडं दोघांना एकदोन दिवसांत निरोप देतात. शिवाय भात, पोळी, साखर यांतली जास्तीची शर्करा यकृतात आणि स्नायूंत साठते, आणि तिचा प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. पूर्ण भरलेला साठा चारपाचशे ग्रॅमचा, म्हणजे पाण्यासकट दीडदोन किलोंचा माल. डाएटच्या पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात ते बरेचसे हेच, आणि म्हणूनच तेव्हाच्या पेढ्यांत काही अर्थ नसतो.

नवा व्यायाम सुरू केला की ठणकणारे स्नायूही पाणी धरतात. पाळीच्या आधीचे दिवस तर बायकांना सांगायला नकोत. त्या आठवड्यातला आकडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडावा, परवाच्या आकड्याशी नव्हे. बद्धकोष्ठाचा उल्लेख शिष्टाचार म्हणून टाळते, पण काटा टाळत नाही.

या सगळ्याचा पहिला छडा लावला तो इटलीतल्या पदुआच्या सांतोरिओ नावाच्या वैद्याने. हा गृहस्थ तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवायचा. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, याची वजनं त्याने तीसेक वर्षं ठेवली आणि १६१४ साली छापली. त्याला आढळलं की बाहेर आलेलं दिसतं ते आत गेलेल्यापेक्षा बरंच कमी. उरलेलं अंगातून, श्वासातून न दिसता उडून जातं. रात्री झोपताना आणि सकाळी उठताना वजनात तीनचारशे ग्रॅमचा फरक पडतो तो हाच. तीस वर्षं रोज खुर्चीत बसणाऱ्या त्या माणसाला एकदाही ‘आजपासून सगळं सोडतो’ असं वाटलं नसावं, कारण त्याला बारीक व्हायचंच नव्हतं. काट्याकडे बघायची ही खरी दृष्टी.

पूर्वी रेल्वे फलाटावर वजनाची यंत्रं असायची. लाल-पिवळे दिवे, गरगर फिरणारी चकती, नाणं टाकलं की खटकन पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मंडळी भविष्य आधी वाचायची. घरातला काटा नुसतं वजन सांगतो, मागची बाजू कोरी सोडतो, आणि तिथे भविष्य लिहितो आपण. ७८.९ च्या मागे काट्याने ‘अपयश’ कुठेच छापलेलं नसतं.

एक नमुनाच बघा. सोमवार ते रविवार: ७८.४, ७८.९, ७८.१, ७८.६, ७९.३, ७८.७, ७८.२. पुढचा आठवडा: ७८.०, ७८.३, ७७.६, ७८.१, ७८.९, ७८.२, ७७.६. आता यातलं सर्वांत घातक काम करू. पहिला सोमवार आणि दुसरा शुक्रवार शेजारी ठेवू. ७८.४ आणि ७८.९. अकरा दिवसांच्या तपश्चर्येनंतर अर्धा किलो वाढ! इथेच काटा पलंगाखाली जातो. आता दोन्ही आठवड्यांची सरासरी काढा. पहिली ७८.६, दुसरी ७८.१. अर्धा किलो कमी, म्हणजे शरीराला लागतात त्यापेक्षा रोज ५०० कॅलरी कमी खाऊन तेवढी तूट ठेवली तर जेवढं उतरायला हवं तेवढंच. आकडे तेच, माणूस तोच. एका वाचनात हरला आणि दुसऱ्यात जिंकला.

दोन्ही शुक्रवारी उंचवटा का, तर गुरुवारचा उपास. एकादशी अन् दुप्पट खाशी हे फक्त एकादशीपुरतं नाही. साठ ग्रॅम साबुदाण्याच्या २१०, पंचवीस ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १४०, मोठा चमचा तुपाच्या १३०, अर्ध्या बटाट्याच्या ४०. बशीभर खिचडी ५२० कॅलरींची, ‘आज काहीच खाल्लं नाही’ या सदरातली. त्यावर बटाट्याचा चिवडा. सैंधव उपासाला चालतं, पण मूत्रपिंडाला ते मीठच. त्या उपासाचं पुण्य शुक्रवारी सकाळी काट्यावर जमा होतं.

म्हणून आकडा रोज घ्यावा, विश्वास सरासरीवर ठेवावा, आणि निकाल चार आठवड्यांच्या आत लावू नये. रोजचा आकडा ज्यांचा दिवस नासवतो त्यांनी काटा खुशाल पलंगाखाली ठेवावा आणि टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, टेप जमिनीला समांतर, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. पोट आत ओढून मोजलेली कंबर फोटोत चालते, पण पायजम्याच्या नाडीला फसवता येत नाही. भारतीय पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावं, असं डॉक्टर सांगतात. एक इशारा गंभीरपणे: दोनतीन दिवसांत वजन भराभर वाढून पाय सुजले किंवा धाप लागली, तर सरासरी काढत बसू नका, डॉक्टरकडे जा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधीही तिकडेच जायचं.

अपयशाची भीती खरा डाव टाकते तो मोदकावर. ठरवलेलं असतं, या वर्षी एकही नाही. मग एक जातो. झालं, मोडलं व्रत. ‘जाऊ दे, आजचा दिवस गेलाच आहे,’ असं म्हणत पुढचे दहा. उकडीचा मोदक आकारानुसार दीडशेच्या आसपास धरू, तुपाची धार सोडून. पहिल्याने ५०० च्या तुटीतल्या १५० नेल्या, ३५० शिल्लक होत्या. ‘जाऊ दे’च्या दहांनी १,५०० नेल्या, म्हणजे तीन दिवसांची तूट. पहिला मोदक गणपतीचा, पुढचे दहा भीतीचे. त्यामुळे ‘एकही नाही’ हा आकडा मी यादीतूनच काढून टाकला आहे. दोन ठरवावेत, तूप घालून, बसून, चवीने खावेत. दोनाचे तीन झाले तर व्रत मोडत नाही, नुसता हिशेब बदलतो.

‘कमी खाईन’ हा संकल्पही असाच निकामी, कारण त्यात वेळ नाही आणि जागा नाही. ‘चारच्या चहाला खारी आली तर दोन घेईन आणि डबा उठून कपाटात ठेवीन,’ यात दोन्ही आहे. पावसाळ्यात चालणं बुडतं, त्यासाठी ‘पाऊस असेल तर जिन्यात दहा मिनिटं’ हे आधीच ठरलेलं असावं. आयत्या वेळी ठरवायला बसलं की मनातली ती बाई अध्यक्षस्थानी येते.

पंगतीतल्या आग्रहावर उपाय वेगळा. मराठीत ‘नको’ याचा अर्थ ‘अजून दोनदा विचारा’ असा होतो, त्यामुळे तो शब्द वाया घालवू नये. वाढपी रिकामी जागा बघून वाकतो. म्हणून अर्धी जिलबी शेवटपर्यंत ताटात ठेवावी आणि तिच्याकडे बोट दाखवून ‘आहे, आहे’ म्हणावं. कोशिंबीर मात्र स्वतःहून मागावी. तिच्यासाठी आग्रह करणारा वाढपी अजून जन्माला यायचाय.

दोनतीन महिन्यांनी आकडा अडतो. कारण साधं आहे. आठ किलो हलक्या झालेल्या शरीराला इंधन कमी लागतं, म्हणजे जेवण तेच असलं तरी तूट आटलेली असते. त्यातच सुरुवातीला चमच्याने मोजलेलं तेल एव्हाना पुन्हा पळीवर आलेलं असतं. फोडणीवर पहारा ठेवू नये, घरात भांडणं होतात. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर मार्करने तारीख घालावी. चौघांच्या घरात लिटरची पिशवी बारा दिवस पुरली तर माणशी रोज २१ मिली, आठ दिवसांत संपली तर ३१. मधले दहा मिली म्हणजे रोजच्या ऐंशीनव्वद कॅलरी, महिन्याला एकतृतीयांश किलो. कुणाचंही नाव न घेता.

तेवढ्यात कुणीतरी भेटतंच. ‘काय गं, चेहरा उतरलाय, बरं नाही का?’ आपल्याकडे पाच किलो उतरल्याची अधिकृत पावती हीच असते.

आकडे लिहायला मला मोबाइलपेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर बरं वाटतं. तारखेच्या चौकटीत वर दुधाचा हिशेब, खाली वजन. येणाऱ्याजाणाऱ्याला कळू नये म्हणून पुढचा सात गाळायचा: ७८.९ चे ८.९. धोका एकच. महिनाअखेरीला दुधाचा हिशेब करायला सासूबाई बसल्या, की शुक्रवारी नऊ लिटर दूध कुणी घेतलं याचं उत्तर तयार ठेवावं लागतं.