घड्याळाला विचारा, माणसाला नको?

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे, मूड मोजायच्या प्रश्नावल्या म्हणजे थोतांड: माणूस खोटं लिहितो, आजचं उत्तर उद्या बदलतं, त्यापेक्षा मनगटावरचं स्मार्टवॉच खरं सांगतं.

खोटं लिहिता येतं, हे मान्य. नोकरीसाठी फॉर्म भरताना ‘मी उदास असतो’ यावर कोण खूण करेल? घरचे शेजारी बसून कागदात डोकावत असतील, तरी तेच. पण लपवणारा डॉक्टरांच्या तोंडी प्रश्नालाही ‘छे, मजेत आहे’ असंच म्हणतो. दोष कागदाचा नाही. तो कुणापुढे नि कशासाठी भरून घेतला, ते आधी बघा.

‘उत्तर बदलतं’ हा आक्षेप तर गमतीचा आहे. मूड बदलल्यावरही उत्तर बदललं नाही, तर ती प्रश्नावली काय कामाची? मुद्दा काळाचा असतो. वॉटसन, क्लार्क आणि टेलेजन या मानसशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये आणलेल्या ‘पॅनास’ या मूडच्या प्रश्नावलीत भावनांचे 20 शब्द आहेत. तेच शब्द ‘आत्ता’, ‘गेल्या आठवड्यात’ किंवा ‘एरवी’ अशा वेगवेगळ्या मुदतींसाठी विचारता येतात. ‘आत्ता’चे आकडे हलतात, ‘एरवी’चे बरेच टिकून राहतात. नैराश्य तपासणारी ‘पीएचक्यू-9’ गेल्या दोन आठवड्यांचं विचारते. एका वाईट सकाळचं नव्हे.

आता घड्याळ. ते नाडी मोजतं, हालचाल मोजतं, झोपेचा अंदाज बांधतं. ढोल-ताशाच्या पथकात छाती धडधडते आणि रात्री दोनला हॉस्पिटलमधून फोन आला तरी धडधडते. यातली कुठली धडधड आनंदाची, हे मनगटाला कळत नाही. शिवाय सेन्सरच्या आकड्यांवरून मूड ओळखायला संगणकाला शिकवतात कसं? बहुतेक वेळा लोकांनाच ‘आत्ता कसं वाटतंय’ विचारून, त्या उत्तरांशी आकडे जुळवून. म्हणजे घड्याळाच्या पोटात प्रश्नावलीच!

खरी गफलत या मजकुराच्या लक्षातच आलेली नाही. ती आकडा वाचण्यात आहे. ‘पीएचक्यू-9’चे गुण 0 ते 27, आणि 10 किंवा त्याहून जास्त आले की लोक ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणून मोकळे होतात. 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा या सीमेवर आजारी असलेल्यांपैकी सुमारे 88 टक्के पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के बरोबर वगळले गेले. छान वाटतं ना? आता समजा 100 जणांत 10 जणांना खरंच नैराश्य आहे. त्यांतले 9 सापडतील, पण उरलेल्या 90 मधलेही 13-14 जण जाळ्यात येतील. निम्म्याहून जास्त खुणा चुकीच्या. म्हणून ही चाळणी आहे, निदान नव्हे. पुढे कुणीतरी समोर बसून बोलावंच लागतं.

आणि मराठीत बोलताना एक जास्तीची अडचण. आपल्याकडे ‘मी निराश आहे’ असं सहसा कोणी म्हणत नाही. ‘करमत नाही’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘कसंतरीच होतंय’ म्हणतात. यातलं ‘करमत नाही’ नव्या गावी बदली झालेला माणूसही म्हणतो. ते कुठल्या चौकटीत बसवायचं, हे विचारणाऱ्यालाच ठरवावं लागतं.