‘फायनल उडाला’ म्हणण्याआधी डिस्प्ले बघा

जुन्या वॉकीटॉकीबद्दलचा एक मेसेज सध्या ट्रेकवाल्यांच्या आणि हॅमवाल्यांच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात असा: सेटवर ऐकू येतं पण आपला आवाज कुणाला जात नाही, म्हणजे फायनल ट्रान्झिस्टर (अँटेनाकडे जाणाऱ्या सिग्नलला शेवटची ताकद देणारा भाग) उडाला, सेट भंगारात घाला. खात्री हवी तर अँटेना काढून पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबा, सेटची पाठ गरम झाली तर फायनल जिवंत. काहीच ऐकू येत नसेल तर स्पीकर गेला. बॅटरीचे दांडे भरलेले असले तर बॅटरीकडे बघू नका. आणि हो, लायसन्सबिन्सन्स लागत नाही.

पहिल्या मुद्द्यापायी चांगले सेट कचऱ्यात जाताहेत, म्हणून त्याच्यावर जरा जास्त बोलतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक बाओफेंग यूव्ही-५आर वॉकीटॉकी मिळाला. विकणारा म्हणाला, “फक्त ऐकायला चालतो.” घरी येऊन १४५.५०० मेगाहर्ट्झ लावला, पीटीटी दाबला, लाल दिवा लागला, पण दुसऱ्या खोलीतला सेट गप्प. मग दाबताना डिस्प्लेकडे लक्ष गेलं. आकडा बदलून १४४.९०० होत होता. आधीच्या मालकाने रिपीटरसाठी (ऐकलेलं बोलणं पुढे दूरवर पाठवणाऱ्या केंद्रासाठी) उणे ०.६०० चा शिफ्ट, म्हणजे बोलताना फ्रिक्वेन्सी तेवढी खाली सरकवणारी सेटिंग, लावला होता, तो तसाच राहिलेला. म्हणजे सेट ठणठणीत बोलत होता, फक्त मी ऐकत नव्हतो त्या जागी. मेनू २५, एसएफटी-डी (शिफ्टची दिशा), ऑफ. संपलं.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे टोन. आपल्या बोलण्याखाली सतत वाजणारा, पण समोरच्याच्या स्पीकरमधून येऊ न दिलेला खर्जातला सूर, ६७.० ते २५४.१ हर्ट्झमधला. रिपीटरला तो हवा असतो. टोन लागला नसेल किंवा चुकीचा असेल, तर तुम्ही घसा फाडून बोलला तरी रिपीटर दार उघडत नाही. जुना सेट आपल्याबरोबर आधीच्या मालकाचा टोन घेऊन येतो. तो तपासायला मेनू १३ उघडायचा, ट्रान्झिस्टर नव्हे.

हाच टोन ऐकण्याच्या बाजूला लागलेला असला (मेनू ११) तर ‘स्पीकर गेला’ वाटतं. ओळखायची खूण सोपी: समोरून कुणी बोलताना हिरवा दिवा लागतो, आवाज मात्र नाही. मॉनिटरचं बटण दाबून धरा. खरखर किंवा बोलणं आलं की स्पीकर निर्दोष सुटला. बटण धरूनही शांतता असेल तर बाजूच्या इअरफोन जॅककडे वळा. त्यातली पत्ती घाणीने अडकली की सेटला वाटतं इअरफोन लावलाय, आणि तो आतला स्पीकर बंद ठेवतो. पिन दहाबारा वेळा आतबाहेर करा, थोडं आयसोप्रोपिल लावा. एवढं करूनही मुका राहिला तरच स्क्रू काढा.

अँटेना काढून पीटीटी दाबायचा सल्ला मात्र चुकीच्याही पुढचा आहे. बाहेर जायला वाट नसलेली ताकद उलटी फायनलवरच येते. एकदा दाबल्याने तो जळेलच असं नाही, पण तपासायला म्हणून दहा सेकंद धरून बसणं म्हणजे ज्याच्या मरणाची शंका त्यालाच मारायची सोय. आणि पाठ गरम झाली तर वीज खर्च होतेय एवढंच कळतं. अँटेना नसेल तर त्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे ताकद जिरवून टाकणारा रोध, लावा.

बॅटरीचे दांडे सेट निवांत असतानाचे. पूर्ण ताकदीवर बोलताना हा सेट अँपिअरभराहून जास्त ओढतो आणि थकलेली बॅटरी तिथेच बसते: डिस्प्ले लुकलुकतो, सेट बंद होऊन परत चालू होतो. मेनू २ मध्ये लो पॉवर लावून बघा. लोवर चालतो आणि हायवर मान टाकतो, तर बॅटरी बदला.

लायसन्सचं म्हणाल तर २०१८ च्या नियमांनी सूट दिली ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी ताकदीच्या सेटना. १३६ ते १७४ आणि वर ४०० च्या पुढे कुठेही बोलू शकणारा पाच वॅटचा सेट त्यात बसत नाही. १४४ ते १४६ वर बोलायला हौशी रेडिओचा परवाना लागतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या १३ ऑनलाइन मंचांना नोटिसा दिल्या, त्या यावरूनच.

फायनल खरंच उडतो का? उडतो. शिफ्ट, टोन, बॅटरी सगळं तपासून झालं, लाल दिवा लागतोय, तीन खोल्या पलीकडे ठेवलेल्या सेटला काहीच पोचत नाही, आणि पीटीटी दाबल्यावर पॉवर सप्लायवरचा अँपिअरचा आकडा जेमतेम हलतो, तेव्हा तो संशयित. मग सोल्डरिंग येणाऱ्या माणसाकडे जा, आणि जाण्याआधी चर्प नावाच्या सॉफ्टवेअरने सेटमधली चॅनेलं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. दुरुस्तीवाले आधी ऑल रिसेट मारून सगळं पुसतात, आणि त्यानंतर काही सेटमधला सूचना देणारा आवाज चिनी बोलायला लागतो.