लोहाच्या गोळीने बाळ काळं होत नाही, आत्या!

आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज बहिणीने इतका मनावर घेतला, की लोहाच्या गोळ्या कपाटात गेल्या. तिला पाचवा महिना आहे. एरवी मी अशा मेसेजना उत्तर देत बसत नाही.

मेसेज म्हणतो: केशर-दुधाने बाळाची 'मेलॅनिनची जीन्स बंद होतात' (मेलॅनिन म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जीन्स म्हणजे जनुकं), लोहाने बाळ काळं होतं, संत्र्या-नारळपाण्याने कांती उजळते.

आधी लोह. गोळीने काळी होते ती आईची शी, कारण न शोषलेलं लोह तसंच बाहेर पडतं. बाळाच्या कातडीशी त्याचा काडीचा संबंध नाही. मेलॅनिन टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतं आणि ते बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला लागतं तांबं. मेसेजचंच तर्कट चालवायचं तर तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करायला हवं. ते प्या म्हणून मात्र आत्याचेच मेसेज येतात! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. सरकारी दवाखान्यात रोज 60 मिलिग्रॅम लोह 180 दिवस देतात, ते उगाच नाही. अंगात रक्त कमी असताना बाळंतपणात रक्तस्राव झाला तर जिवावर बेततं.

आता केशर. रंगपेशींतली जनुकं कमी-जास्त चालतात, एवढं खरं. उन्हात शेजारच्या पेशी एक हार्मोन सोडतात, त्याने रंगपेशीत एमआयटीएफ नावाचं प्रथिन वाढतं आणि ते टायरोसिनेजचं जनुक जोरात चालवतं. म्हणून आपण रापतो. केशरातल्या काही घटकांनी परीक्षानळीत टायरोसिनेज मंदावतं, हेही मान्य. पण एन्झाइम मंदावणं म्हणजे जनुक बंद होणं नव्हे, आणि परीक्षानळी म्हणजे गर्भ नव्हे.

बाळाचा रंग मुख्यतः आईबापाकडून आलेल्या अनेक जनुकांवर ठरतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दक्षिण भारतातल्या 1,228 जणांच्या त्वचेचा रंग मोजला, तेव्हा एसएलसी24ए5 या एकाच जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाचा परिणाम स्पष्ट दिसला. ते अक्षर गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेलं असतं. पाचव्या महिन्यात दुधात चार काड्या टाकून ते बदलत नाही. बरीच बाळं जन्मतः उजळ दिसतात आणि पुढे मेलॅनिन वाढून सावळी होतात. उजळपणाचं श्रेय तेवढं केशर घेतं.

संत्रं खा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. केशर-दूधही आवडत असेल तर प्या, फक्त गोळीबरोबर नको. दुधातल्या कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं.