इंग्रजी वाक्प्रचार वापरावा तर असा

कार्यालयात आपले वजन वाढावे असे वाटत असेल, तर इंग्रजी वाक्प्रचार सढळ हाताने वापरावेत आणि त्यांचा अर्थ मात्र शब्दकोशात चुकूनही पाहू नये. अर्थ कळला की माणूस बिचकतो, आणि बिचकणाऱ्याला बढती मिळत नाही.

सुरुवात 'हॉब्सन्स चॉइस'पासून करावी. १६३१ मध्ये वारलेला थॉमस हॉब्सन केंब्रिजमध्ये घोडे भाड्याने देत असे. दाराजवळ उभा असेल तोच घोडा घ्या, नाहीतर चालू लागा, असा त्याचा खाक्या असल्यामुळे 'निवडीला वावच नाही' असा या शब्दांचा अर्थ झाला. आपण मात्र इकडे आड तिकडे विहीर अशी अवस्था असताना ते खुशाल वापरावेत. बैठकीतले कोणी हॉब्सनच्या तबेल्यात गेलेले नसते. 'बेग द क्वेश्चन'च्या वाटेला जाऊ नये. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे हा त्याचा तर्कशास्त्रातला अर्थ, पण 'प्रश्न उपस्थित होतो' अशा अर्थाने तो आता खुद्द इंग्रजच सर्रास वापरतात; त्यामुळे त्यात चुकण्याची मौज उरलेली नाही.

खरे रत्न म्हणजे 'टेबल करणे'. ब्रिटिश माणूस विषय टेबल करतो म्हणजे चर्चेला घेतो. अमेरिकन माणूस तोच टेबल करतो म्हणजे बाजूला सारतो. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत लांबलचक वाद झाला आणि प्रत्यक्षात दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, असे चर्चिल यांनी नोंदवून ठेवले आहे. आपल्या विधिमंडळात कागदपत्रे 'पटलावर' ठेवतात ती ब्रिटिश रीतीनेच. त्याच परंपरेला जागून मी गेल्या वर्षी रात्री साडेनऊच्या कॉलवर अमेरिकन क्लायंटला, 'आमचे वाढीव बिल आज टेबल करू या,' असे ऐटीत सुचवले. तिकडून इतक्या तत्परतेने 'शुअर' आले, की मला माझ्याच इंग्रजीचे कौतुक वाटले. त्यांच्या लेखी विषय यादीतून निघाला होता, आणि मी पुढची ४० मिनिटे तो निघण्याची वाट पाहत बसलो होतो.

बैठकीचे इतिवृत्तही मीच लिहिले. त्यात शेवटी नोंद आहे: 'बिलाबाबत सर्वजण ऑन द सेम पेज आहेत.'