पेडेस्टल भिंतीपासून दोन हात पुढे ओढा

माझी भाची शिल्पकलेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात तिची सत्राअखेरीची ज्युरी झाली. मी त्याच वाटेने गेलेला माणूस, त्यामुळे डिस्प्ले लावायला हातभार म्हणून मला बोलावणे आले आणि ज्युरी चालू असताना दाराशी उभे राहण्याची परवानगीही मिळाली. तिला किती गुण मिळाले हा या लेखाचा विषय नाही, कारण गुण बरे मिळाले आहेत. माझी तक्रार एकच आहे. तीन परीक्षक आले, साधारण सहा मिनिटे थांबले, आणि तिघांपैकी एकही जण शिल्पाच्या मागे गेला नाही.

आधी काम काय होते ते सांगतो. तिने तिच्या आजीची, म्हणजे माझ्या आईची, विळीवर बसून नारळ खवणारी आकृती केली होती, प्रत्यक्ष आकाराच्या पाऊणपट. एक पाय मुडपून विळीच्या पाटावर दाबलेला, दुसरा गुडघा उभा, नारळाची वाटी दोन्ही तळव्यांत धरून खवणीवर टेकवलेली आणि सगळे अंग पुढे झुकलेले. अशा बैठकीत समोरून जे दिसते ते तसे थोडेच असते: खाली वळलेला चेहरा, दोन हात, गुडघा. खरे शिल्प मागच्या बाजूला असते. मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीची एक लांब कमान होते, जोर लावलेल्या बाजूचा खांदा वर चढतो, त्या बाजूचे खांद्याचे पाते पोलक्याच्या कापडाखालून उमटते, आणि दुसऱ्या बाजूला बरगड्यांवर कापडाच्या तिरक्या चुण्या पडतात. सात आठवड्यांच्या कामातले तीन आठवडे या मुलीने फक्त त्या पाठीवर घालवले. रोज संध्याकाळी माती वाळू नये म्हणून ओले गोणपाट गुंडाळायचे, वरून प्लास्टिक बांधायचे, सकाळी सोडायचे आणि पुन्हा त्याच खांद्याशी झुंजायचे. एकदा आर्मेचरचा, म्हणजे मातीला आतून आधार देणाऱ्या सांगाड्याचा, गज खांद्याच्या पात्यातून बाहेर डोकावू लागला, तेव्हा अर्धी पाठ खरवडून काढून तो आत वाकवावा लागला.

पुढे वेस्ट मोल्ड घेतला. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मातीवर प्लास्टरचा पहिला पातळ थर रंग घालून देतात, आम्ही नीळ घालायचो, आणि त्यावर पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर चढवतात. माती काढून साच्यात ओतकाम झाले की तो साचा छिन्नीने फोडून टाकायचा असतो, आणि फोडताना निळा थर दिसला की हात हलका करायचा, कारण त्याच्या लगेच खाली मूर्ती असते. साचा एकदाच वापरता येतो आणि चुकीला जागा नसते. तिचा हात पाठीवरच एकदा जड पडला आणि पात्याच्या कडेचा बोटभर टवका उडाला. तो तिने रात्री जागून भरला, घासला आणि असा मिळवला की मला दाखवल्याशिवाय दिसला नसता.

परीक्षकांना तो दाखवायचा प्रश्नच आला नाही, कारण पाठ भिंतीकडे होती. हॉल लहान, मुले अनेक, म्हणून सगळी पेडेस्टले, म्हणजे शिल्पे ठेवायचे चौथरे, भिंतीला लावलेली. ती उचलताना एका बाजूला मीच होतो, हेही कबूल करायला हवे. त्या घाईत मला ते खटकले नाही.

परीक्षक आले आणि पहिला प्रश्न आला, 'कन्सेप्ट काय आहे?' पेडेस्टलशेजारी कन्सेप्ट नोट लावलेली होती. तिघांनी ती वाचली, आणि माझ्या अंदाजाने सहापैकी दोन मिनिटे त्या कागदाकडे पाहण्यात गेली. स्मृती, श्रम, स्वयंपाकघरातील स्त्री असे शब्द त्यात होते. घरी मराठीत बोलणाऱ्या मुलीने ती नोट इंग्रजीत लिहिली होती, कारण तशीच लिहायची असते असे तिला वरच्या वर्गातील मुलांनी सांगितले होते. मग चर्चा त्या शब्दांवर झाली. खवणी प्रत्यक्ष लोखंडी का वापरली नाही, असे एकाने विचारले. दुसऱ्याने अशी दहा शिल्पे ओळीने मांडून इन्स्टॉलेशन करता येईल असे सुचवले. तिसरे मोबाइलवर फोटो काढून पुढच्या कामाकडे वळले, आणि तो फोटोही समोरूनच काढला होता. प्रश्न वाईट नव्हते, पण ते आकृती न घडवताही विचारता आले असते.

मला याचे आश्चर्य दुसऱ्याच कारणासाठी वाटते. मातीकाम शिकवताना आपण मुलांना सत्रभर काय सांगतो? फिरा. मॉडेल फिरत्या पाटावर बसवतो, ठरावीक वेळाने ते थोडे वळवतो, सोबत मुलांचे स्टँडही वळवायला लावतो, आणि प्रत्येक बाजूची बाह्यरेषा वेगळी तपासायला सांगतो. समोरून बरोबर आलेले नाक बाजूने चुकलेले असते, आणि ते बाजूने दुरुस्त केले की समोरचा गाल बिघडतो. या फिरण्यातूनच घनता हातात येते. चित्र आणि शिल्प यांच्या शिक्षणात मूलभूत फरक कुठे असेल तर तो इथे आहे. मग ज्या दिवशी त्या फिरण्याचे मूल्यमापन करायचे, त्याच दिवशी मूल्यमापन करणारे एका जागी उभे कसे राहतात?

यावर एक रास्त आक्षेप येईल, आणि तो माझ्याच एका मित्राने घेतला. आपल्या परंपरेत कितीतरी शिल्पांना पाठच नाही. देवकोष्ठातील, म्हणजे देवळाच्या भिंतीतल्या कोनाड्यातील, मूर्ती समोरूनच पाहायची असते, घारापुरीच्या सदाशिवाच्या मागे डोंगर आहे, आणि मखरात बसणाऱ्या घरच्या गणपतीच्या पाठीकडे कोण पाहतो? हे सगळे खरे आहे. मात्र घारापुरीत पाठ नसणे हा शिल्पकाराचा निर्णय होता आणि तीन मुखांची सगळी रचना त्या निर्णयावर उभी आहे. पाठ घडवलेल्या शिल्पाला भिंतीशी टेकवणे हा निर्णय जागेच्या अडचणीने घेतला. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

समोरून पाहून मत देण्याची खोड तशी जुनी आहे. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असताना, 1896 च्या सुमारास, 'मंदिरपथगामिनी' ही देवळाकडे निघालेल्या स्त्रीची मूर्ती प्लास्टरमध्ये घडवली. विद्यार्थ्याच्या कामाचा एवढा गाजावाजा आपल्याकडे क्वचितच झाला असेल. इंग्लंडमध्ये भारतीय कलांचे अभ्यासक जॉर्ज बर्डवुड यांनी तिची तोंडभरून स्तुती केली, ती छायाचित्रांवरून. स्तुती अस्थानी नव्हती, पण लुगड्याची एवढी जाण असलेल्या त्या कामाभोवती फेरी मारून मग ते काय बोलले असते, असे मला नेहमी वाटते.

याउलट अनुभव घ्यायचा तर अलिबागजवळ सासवण्याला जावे. शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या राहत्या घरातच त्यांचे संग्रहालय आहे. आमचे घर त्याच तालुक्यात असल्यामुळे भाचीला मी लहानपणी तिथे कितीदा नेले असेल याची गणती नाही. तिथल्या म्हशीच्या शिल्पाभोवती येणारा प्रत्येक माणूस, त्याला कलेतले ओ की ठो कळत नसले तरी, आपोआप फिरतो आणि मागे गेल्यावर थोडा थांबतो. त्याला कोणी कन्सेप्ट सांगितलेला नसतो.

परीक्षकांची बाजूही मला ठाऊक आहे, कारण दोन ठिकाणी मीही त्या खुर्चीत बसलो आहे. एका दुपारी तीसच्या वर कामे, जेवणाला उशीर झालेला, गुणांचे तक्ते संध्याकाळच्या आत भरून द्यायचे. विसाव्या कामानंतर डोळे कागद शोधू लागतात, कारण कागद वाचणे सोपे असते. त्या वेळी मी किती पाठी पाहिल्या, हे आज मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरीही एवढे करता येईल की प्रत्येक कामापाशी पहिली दोन मिनिटे कोणीच बोलू नये, विद्यार्थ्यानेही नाही. परीक्षकांनी एक पूर्ण फेरी मारावी आणि मगच नोटेला हात लावावा. त्यासाठी पेडेस्टल भिंतीपासून दोन हात पुढे ओढले पाहिजे, आणि हॉलमध्ये तेवढी जागा नसेल तर कामे दोन दिवसांत विभागून लावली पाहिजेत. विद्यापीठाच्या परिपत्रकाची त्यासाठी वाट पाहावी लागू नये.

ज्युरीनंतर कॉलेजात काम ठेवायला जागा नव्हती. अनेक मुलांनी आपली कामे तिथेच फोडून टाकली, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. आम्ही टेम्पो करून शिल्प घरी आणले आणि पडवीत मधोमध ठेवले, कारण दारातून आत जाईना. आईने चष्मा लावला, समोरून पाहिले, चेहऱ्याबद्दल काहीच बोलली नाही, आणि पडवीच्या कठड्याला धरत हळूहळू मागे गेली. तिथे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अगं, खोबरं खवताना मी पदर कमरेला खोचते. हा तू मोकळा सोडलायस, तो विळीत यायचा की."

भाची धावत मागे गेली. कमरेपाशी वाकून पाहिले, आजीला खरोखरच विळीवर बसायला लावले, मोबाइलवर मागून चार फोटो घेतले. डाव्या कुशीवरचा पदराचा सबंध झोक तिने दुसऱ्या दिवशी छिन्नीने उतरवला. आज सकाळी मी गेलो तेव्हा ती तसराळ्यात प्लास्टर कालवत होती आणि आई शेजारी बसून पदर नेमका किती घट्ट खोचायचा ते तिला सांगत होती.