खानदेशचे पक्षी ट्रिंगच्या कपाटात

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेट घेतो. सुरुवात नाशिकच्या दादाने, माझ्या आतेभावाने केली. 'वाघनखं आली, आता रस्त्यापलीकडच्या म्युझियममधले आपले पक्षीही आणा. ह्यूमने ८२ हजार पळवलेत.' सगळ्यांनी धडाधड अंगठे दिले. पुढच्याच आठवड्यात दादाने आमच्या जुन्या कॉलेजची बातमी टाकली. प्राणिशास्त्राच्या खोलीतली कपाटं काढून तिथे संगणक बसवणार आहेत. ते बरंच झालं म्हणे, 'मेलेले पक्षी आता कोणाला लागतात? फोटो आहेत की मोबाइलवर.'

लंडनचे मेलेले पक्षी हवेत आणि घरचे नकोत? त्या रात्री मला झोप लागली नाही.

दादा, आधी पत्ता दुरुस्त करून घे. तू म्हणतोस ते नॅचरल हिस्टरी म्युझियम. साउथ केन्सिंग्टनच्या त्याच्या इमारतीसमोर शाळांच्या मधल्या सुटीत फुटपाथभर रांग लागते, त्याच्या ताब्यात आठ कोटींवर नमुने आहेत, पण पक्षी तिथे नाहीत. ते त्याच म्युझियमच्या ट्रिंग गावातल्या शाखेत आहेत, लंडनच्या यूस्टन स्टेशनहून गाडीने पाऊण तासावर. आणि 'पळवले' हा शब्दही जरा तपासून वापर. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेतला तोच, सिमल्याला राहायचा. भारतीय पक्ष्यांवरची त्याची हस्तलिखितं घरातून कोणीतरी रद्दीच्या भावात विकली आणि त्याचं मनच उडालं. कसर लागलेले वीसेक हजार नमुने त्याला आधीच नष्ट करावे लागले होते. उरलेला संग्रह, अंडी धरून ८२ हजार नमुने, त्याने १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. देवदाराच्या ४७ पेट्या भरल्या. जंगल आपलं होतं आणि राज्य त्यांचं, हे मला मान्य आहे. नमुन्याच्या चिठ्ठीवर साहेबाचं नाव असतं, पक्षी हुडकून देणाऱ्या भिल्लाचं कधीच नसतं, आणि याचा मला दादाइतकाच राग आहे. पण त्या पेट्या सिमल्यातच राहिल्या असत्या तर दोन-चार पावसाळ्यांत काय उरलं असतं, हेही कोणीतरी बोलायला हवं.

मी इथे इंग्लंडमध्ये हिशेबनीस आहे, शास्त्रज्ञ नाही. गेली तीन वर्षं रविवारी सकाळी घरी बसून म्युझियमच्या जुन्या लेबलांचे फोटो वाचते आणि त्यावरचा मजकूर टंकते, एवढाच माझा या विषयाशी संबंध. एकदा मात्र ट्रिंगचे खण प्रत्यक्ष पाहायला मिळाले. पक्षी ओळीने उताणे निजवलेले असतात, डोळ्यांच्या जागी कापूस, पाय एकावर एक बांधलेले आणि पायाला चिठ्ठी. पाहून आधी पोटात कालवलं. मग चिठ्ठ्या वाचू लागले आणि तास कसा गेला ते कळलं नाही.

फोटोने भागत नाही ते यासाठी. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याच्या जुन्या अंड्यांची कवचं तोलून-मोजून १९६७ मध्ये दाखवून दिलं, की १९४७ च्या सुमारास ती एकाएकी पातळ झाली होती. कारण निघालं डीडीटी हे कीटकनाशक. ज्यांनी ती अंडी जपून ठेवली त्यांच्या स्वप्नातही डीडीटी नव्हतं. आज पक्ष्याच्या बोटाच्या कातडीचा कण घेऊन डीएनए काढतात. ह्यूमच्या काळी हा शब्दही नव्हता.

आणि रानपिंगळा! हा पक्षी आमच्या शहाद्याचा, म्हणून जरा सविस्तर सांगते. ह्यूमनेच १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. साऱ्या जगात त्याचे नमुने बोटांवर मोजण्याइतके. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या आयसीएस अधिकाऱ्याने १८८४ मध्ये मिळवलेला शेवटचा. त्यानंतर फक्त एक, १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहातला. या मांडवीने शोधणाऱ्यांची वर्षानुवर्षं दिशाभूल केली. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कळलं की तो मुळात डेव्हिडसनचाच. म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी बांधलेला. मांडवी बाद झाली, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. २५ नोव्हेंबर १९९७ ला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा दिसला. जिवंत, ११३ वर्षांनी.

रानपिंगळ्याची ही एवढी गोष्ट मी ग्रुपवर लिहिली तर दादाचं उत्तर आलं, 'म्हणजे चोर तुमच्याकडेच.'

चोर होता, खरंच होता. नमुने परस्पर नेले म्हणून १९१९ मध्ये माइनर्ट्झहागनला पक्षी-विभागाची दारं दीड वर्ष बंद केली आणि नंतर पुन्हा आत घेतलं, ही त्यांची नामुष्कीच. २००९ मध्ये ट्रिंगचीच खिडकी फोडून एकाने २९९ पक्षी नेले, मासेमारीच्या गळाला लावायच्या नकली माश्या बनवायला पिसं हवीत म्हणून. मी झाकून ठेवत नाही. पण माइनर्ट्झहागनची चोरी पकडली कशाने? शेजारच्या खणांतले डेव्हिडसनचे खरे पक्षी जपलेले होते, त्यांच्याशी ताडून पाहता आलं, म्हणून.

आमच्या कॉलेजच्या त्या कपाटात भारद्वाज होता, धनेश होता. मी अकरावीला असताना झाडलोटीत चिठ्ठ्या सुटल्या, त्या एका डब्यात जमा केल्या, आणि वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी आम्हा मुलींनाच त्या अंदाजाने परत बांधायला लावल्या. मी तीन बांधल्या. त्या कुठल्या पक्ष्याला, आठवत नाही. चिठ्ठी गेली की पक्षी नुसता पिसांचा गोळा, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. आज त्याची लाज वाटते, कारण त्यातला धनेश तोरणमाळचा असेल तर ती नोंद माझ्या हातून पुसली गेली.

मुंबईत बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासून आहे. १९०८ मध्ये सालिम अली नावाचा पोरगा छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तिथे गेला आणि तिथल्या सचिवाने, मिलर्डने, त्याला पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. दादा, चाळीस वर्षं मुंबईला ये-जा करतोस, त्या सोसायटीच्या हॉर्नबिल हाऊसची पायरी एकदा तरी चढलास? २६ एप्रिल २०१६ ला दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय जळालं. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर एक ओळ आली नाही. परत मागायचं तर मागा, मीही सही करते. पण प्राचार्यांना आधी भेट. ती कपाटं निघण्याआधी, निदान उरलेल्या चिठ्ठ्या कोणी उतरवून घेतल्यात का, ते विचार.

हे सगळं दादाला लिहिलं, पण पाठवलं नाही. 'तुमच्याकडे' हा शब्द आडवा येतो. वीस वर्षं इथे कौन्सिल टॅक्स भरते, तरी ट्रिंगचे लोक मला अजून 'तुमच्याकडच्या पक्ष्यांबद्दल' विचारतात. तिथेही तुमच्याकडे, इथेही तुमच्याकडे. आणि खरं सांगायचं तर त्यांना उत्तर द्यायला माझ्यापाशी काही नसतं. १९९७ मध्ये मी शहाद्यातच होते, दहावीला. तोरणमाळला सहलीला गेले ती यशवंत तलावावर डबा खायला. आजी पिंगळा बोलला की खिडकी लावून घ्यायची, अपशकुन म्हणून, आणि मी तिला कडी लावायला मदत करायचे. आपल्या गावाशेजारी काय सापडलं, ते मला ट्रिंगच्या हर्टफर्डशर परगण्यात, इंग्रजीतून कळलं.

गेल्या रविवारी डेव्हिडसनचं एक लेबल समोर आलं. आधीच्या कोणीतरी गावाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. अक्षर तिरकं आणि फिकट, पण मला पहिल्या नजरेत लागलं. तळोदा. माझं आजोळ. मी प्रश्नचिन्ह खोडलं आणि नाव टंकलं.