जीआयएल आहे म्हणून लॉक नको? असं नसतं हो

तो मेसेज परत फिरतोय. "पायथॉनमध्ये जीआयएल आहे, एका वेळी एकच थ्रेड चालतो, त्यामुळे रेस कंडिशन होऊच शकत नाही. पटत नसेल तर काउंटर दहा लाख वेळा वाढवून बघा. लॉकने फक्त कोड स्लो होतो." (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणाऱ्या कामांपैकी एक. जीआयएल म्हणजे ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन कोड चालवू देणारं कुलूप. रेस कंडिशन म्हणजे दोन थ्रेड एकाच डेटावर मागेपुढे आल्याने निकाल चुकणं, आणि लॉक म्हणजे एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं, आपण कोडमध्ये लावलेलं कुलूप.)

एका वेळी एकच थ्रेड, हे पायथॉनच्या नेहमीच्या बिल्डपुरतं, म्हणजे तयार आवृत्तीपुरतं, खरंय (पायथॉन ३.१३ पासून जीआयएल नसलेला बिल्डपण मिळतो). पण म्हणजे एकाचं काम पूर्ण झाल्यावरच दुसरा येतो असं थोडीच आहे! जीआयएल इंटरप्रिटरचा (पायथॉन कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) स्वतःचा हिशोब सांभाळतो, रेफरन्स काउंट (कुठली गोष्ट किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी) वगैरे, तुमचा डेटा नाही. दुसरा थ्रेड रांगेत असेल तर साधारण ५ मिलिसेकंदांनी चालणाऱ्याला बाजूला करतात, आणि नेटवर्कसाठी थांबला की तो आपणहूनच बाजूला होतो. आमच्याकडे एका वर्कशॉपची शेवटची सीट दोघांना विकली गेली. कोड काय, तर सीट शिल्लक आहे का बघ, पेमेंटला कॉल कर, मग सीट कमी कर, आणि पेमेंटची वाट बघण्यात पहिला थ्रेड अडकला तेवढ्यात दुसऱ्याने येऊन तीच सीट शिल्लक बघितली. मी दोन दिवस पेमेंटवाल्यांना शिव्या घालत बसलो होतो, प्रिंट टाकले तर बग गायब, कारण प्रिंटने टायमिंगच बदललं.

आता तो काउंटर, म्हणजे अनेक थ्रेडनी एकच आकडा ('टोटल') एकेकाने वाढवायचा तो प्रयोग. आकडा बरोबर येतो, मान्य, पण का येतो? ३.१० पासून थ्रेड बदलायचा का हे इंटरप्रिटर लूपच्या टोकाला आणि फंक्शन कॉलपाशी तपासतो, 'टोटल += १'च्या मधे तशी जागाच येत नाही. भाषेने याची हमी कुठेही दिलेली नाही. त्या १ च्या जागी फंक्शन टाका, त्यात जरासा स्लीप (थोडा वेळ थांबणं) ठेवा. टोटलची जुनी किंमत आधी वाचली जाते, मग फंक्शन चालतं, आणि मधल्या वेळात दुसऱ्याने केलेली वाढ पुसली जाते. आकडा कमी आलेला लगेच दिसेल.

आणि "चालवून बघा" हा काय पुरावा झाला? १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. सुरुवात झाडांना टेकलेल्या तारांनी झाली, पण ओहायोच्या कंट्रोल रूममधली अलार्म सिस्टीम रेस कंडिशनमुळे तासाभराहून जास्त गप्प होती आणि ऑपरेटरना पत्ताच नव्हता. ते सॉफ्टवेअर त्याआधी एकूण ३० लाख तासांच्या वर चाललं होतं, हा बग कधी दिसला नव्हता.

राहिलं स्लो होण्याचं. पेमेंट होईपर्यंत लॉक धरून ठेवलात तर होईलच स्लो, तेवढं त्यांचं बरोबर. आम्ही लॉक घेऊन सीट आधी राखून ठेवतो, लॉक सोडतो, मग पेमेंट, आणि ते फसलं तर परत लॉक घेऊन सीट मोकळी करतो.